इंजिन सीज झालंय की गंजून बसलंय? जुन्या मसल कारवाल्यांनी आधी हे बघा

कोठारात तीस-पस्तीस वर्षं उभी असलेली जुनी मसल कार, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली मोठ्या इंजिनाची ताकदवान अमेरिकन गाडी. बोनेट उघडलं, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) बोल्टला पाना लावला, दोघांनी मिळून जोर दिला, ढिम्म हलत नाही. लगेच निकाल लागतो, "इंजिन सीज आहे." आणि पाठोपाठ सल्लाही येतो, "हे काढा, दुसरं टाका." गेली पंधरा वर्षं मिशिगनमध्ये मी हे ऐकतो आहे. जत्रेसारखे गाड्यांचे मेळे भरतात तिथे गोऱ्या म्हाताऱ्यांकडून ऐकतो, आणि आता ज्यांना हा नाद लागलाय त्या आपल्या मराठी मित्रांकडूनही. दर वेळी जीव तुटतो, कारण त्यातली कितीतरी इंजिनं सीज झालेली, म्हणजे चालता चालता तापून धरलेली, नसतातच. ती गंजून बसलेली असतात. दोन्ही इंजिनं फिरत नाहीत, पण त्यापलीकडे दोघांत काही सारखं नाही.

चुकीच्या निदानाची किंमत मोठी आहे. माझ्याकडची गाडी 1969 ची प्लिमथ रोडरनर. आत 383 घन इंचांचं, म्हणजे सुमारे 6.3 लिटरचं व्ही-8 (व्ही आकारात बसवलेले आठ सिलेंडर), कागदावर 335 अश्वशक्ती. या इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे सिलेंडर ज्यात असतात त्या मुख्य ओतीव भागावर, गाडीच्या ओळख क्रमांकाचा शेवटचा भाग कारखान्यातच ठोकलेला असतो. गाडीचा आणि ब्लॉकचा नंबर जुळला की गाडीची किंमत वेगळी, ब्लॉक भंगारात गेला की वेगळी. आणि तो ब्लॉक परत मिळत नाही.

सीज होणं आपल्याला नवीन नाही, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. ऑइल संपलेली बाईक घाटात धरते, विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं पाणी तुटलं की पिस्टन चिकटतो, हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला सांगायला नको. चालत्या इंजिनात तेल किंवा पाणी कमी पडलं, धातू तापून फुगला, पिस्टनने सिलेंडर ओरबाडला किंवा बेअरिंगने क्रँक धरला. इंजिनचं काम निघालं. विषय संपला.

गंजून बसण्यात उष्णतेचा काही संबंध नाही. बंद पडलेल्या व्ही-8 मध्ये आठही सिलेंडर बंद नसतात. इंजिन जिथे थांबेल तिथे आठपैकी बहुतेक सिलेंडरांत एखादा तरी व्हॉल्व थोडाफार उघडा राहतो. इनटेकचा उघडा असेल तर कार्ब्युरेटरमधून आणि एग्झॉस्टचा उघडा असेल तर सायलेन्सरच्या नळीतून थेट बाहेरच्या हवेशी वाट मोकळी. मिशिगनच्या मार्च-एप्रिलमध्ये हवा अचानक उबदार आणि ओली होते, पण हिवाळाभर गारठलेलं शेकडो किलोचं लोखंड थंडच असतं. त्यावर आतून दव धरतं. असं दरवर्षी, तीस वर्षं. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, पण त्याच्याभोवती बसवलेल्या रिंगा बिडाच्या आणि सिलेंडरची भिंतही बिडाची. त्या दोघांच्या मधल्या रेषेवर गंज धरतो आणि तो गंजच रिंग भिंतीला सांधतो. म्हणूनच अशा इंजिनात आठातले एक-दोन सिलेंडरच धरलेले असतात, बाकीचे तेलाच्या पातळ थरात निवांत असतात. पण एका पिस्टनने धरलं तरी क्रँक हलत नाही, आणि वरून बघणाऱ्याला सगळं इंजिन मेलेलं वाटतं.

आता मुख्य मुद्दा. गाडी थांबली म्हणून इंजिन बसलं, की इंजिन बसलं म्हणून गाडी थांबली? सगळा निवाडा या एका प्रश्नावर आहे, आणि लोक त्याचं उत्तर चुकीच्या जागी शोधतात. पान्याला किती जोर लागतो यावरून ठरवतात. "अगदी दगड झालंय, म्हणजे सीजच." हे उलटं आहे. तापून धरलेलं इंजिन थंड झाल्यावर पुष्कळदा फिरतं. बाईकवाल्यांना हा अनुभव आहेच, अर्धा तास थांबलं की किक बसते. फिरलं तरी आतली भिंत ओरबाडलेलीच असते. उलट दोन रिंगांवरचा साधा गंज लांब दांड्याच्या पान्यालाही दाद देत नाही. जोरावरून काहीही कळत नाही.

मालकाच्या सांगण्यावरूनही ठरवू नका. "उभी केली तेव्हा मस्त चालत होती" हे वाक्य मी प्रत्येक कोठारात ऐकलंय. माणूस खोटं बोलतो असं नाही. गाडी वडिलांची असते, वडील गेलेले असतात, आणि शेवटच्या दिवशी ती का उभी केली हे खरंच कोणाला आठवत नसतं.

ज्याला आठवतं असा एकच साक्षीदार गाडीत असतो, तो म्हणजे ऑइल फिल्टर. इंजिन शेवटचं चाललं त्या दिवसापर्यंत जे काही झिजलं, तुटलं, वितळलं, ते त्या फिल्टरच्या कागदात अडकून बसलंय, आणि तेव्हापासून कोणी त्याला हात लावलेला नाही. आणि लोक पहिल्याच दिवशी तो काढून कचऱ्यात टाकतात! हे बघून मला राग येतो. तो फिल्टर जपून काढा. फिल्टर कापायचं गोल कटर मिळतं, त्याने कापा. हॅक्सॉने कापू नका, करवतीचा कीस आत पडला की साक्ष बिघडली. आतला घडीचा कागद पात्याने सोडवा, पांढऱ्या फडक्यावर उलगडून पसरा, आणि उन्हात धरून एकेक घडी बघा.

काळं, चिकट, पण चमक नाही, असं असेल तर इंजिन चालत्या स्थितीत उभं केलं होतं असं बऱ्याच विश्वासाने म्हणता येतं. चमचमणारे कण असतील तर लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले ते लोखंड, म्हणजे रिंग, सिलेंडर किंवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा दांडा). इथे आणखी एक गोंधळ होतो. चुंबकाला काही चिकटलं नाही की लोक सुटकेचा श्वास टाकतात. बेअरिंगचा धातू चुंबकाला चिकटतच नाही. शिसं, कथील, तांबं, ॲल्युमिनियम यांचा तो खेळ आहे. तांबूस झाक असलेले कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलंय. हे खरं सीजचं लक्षण, मग पाना कितीही सहज फिरो.

मग इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचं तेल काढा, तेही सावकाश. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे साचलेलं असेल तर तेच आधी येईल. शंका उरलीच तर चेंबर खोलून कनेक्टिंग रॉडची एखादी टोपी सोडवा. बेअरिंगची वाटी एकसारखी मंद राखाडी असेल तर खालचं अंग निरोगी आहे. क्रँकवर निळसर-काळा डाग असेल तर तिथे आग झाली होती, दुसरं काही नाही.

वरून बघायला स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेऱ्याची नळी सोडा, हल्ली ती स्वस्तात मिळते. माझ्या रोडरनरचं हे बघणं मी विसरणार नाही. पाच सिलेंडर स्वच्छ, दोनांत भुरकट धूळ, आणि सहा नंबरमध्ये पिस्टनच्या कडेने गोल फिरलेली विटकरी पट्टी, बोटभर रुंद, खवल्याखवल्यांची. ओरखडा एकही नाही. या गाडीबद्दल विकणाऱ्याच्या ओळखीच्या एका मेकॅनिकने "बेअरिंगं गेली" म्हणून सांगितलं होतं आणि भाव त्यामुळेच उतरला होता. फिल्टरचा कागद काळा निघाला, चमक कुठेच नव्हती.

फिरत नाही याची इतरही किरकोळ कारणं असतात, ती पटकन तपासून बाजूला करा. गाडी गिअरमध्ये आहे का, स्टार्टरचा दात फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकलाय का, सिलेंडरमध्ये पाणी भरलंय का. प्लग काढले की पाण्याचा प्रश्न मिटतो. हिवाळ्यात रेडिएटरमध्ये साधं पाणी राहिलं असेल तर ब्लॉकला तडा आहे का तेही बघा, नाहीतर बाकीची मेहनत फुकट.

गंजाचं निदान पक्कं झालं की खरा शत्रू आपलीच घाई. लोक प्लगच्या भोकांतून गंज सोडवणारं अर्धा कप तेलाचं मिश्रण ओततात आणि दुसऱ्या दिवशी स्टार्टर मारतात. व्ही-8 चे सिलेंडर उभे नसतात, दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांनी कललेले असतात. ओतलेलं तेल पिस्टनच्या खालच्या कडेला साचतं आणि रिंगचा वरचा भाग कोरडाच राहतो. व्हॉल्व उघडा असेल तर तेल नळीतून निघूनही जातं. त्यामुळे एक तर पिस्टनचं पूर्ण डोकं बुडेल इतकं भरा आणि रोज पातळी बघा, नाहीतर सरळ हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, उतरवा. मी हेड उतरवतो. गंजाची पट्टी पिस्टनच्या वरच्या भिंतीवरही असते, ती आधी घासून काढली नाही तर सुटलेला पिस्टन त्याच गंजात जाऊन रुततो आणि रिंग मोडते. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल निम्मं-निम्मं हे मिश्रण मला सगळ्यांत पसंत आहे. ते भांड्यात वेगळं होतं, म्हणून ओतण्याआधी दर वेळी ढवळायचं.

पिस्टनच्या डोक्यावर हातोडा नको. दुसऱ्या गाडीला साखळी बांधून, गिअर टाकून ओढणं तर मुळीच नको. ओढणाऱ्या गाडीच्या ताकदीला आत काय मोडतंय ते कळत नाही, हाताला कळतं. क्रँकचा बोल्ट समोरून घड्याळाच्या दिशेने दाबायचा, मग थोडं मागे, पण मागे जपून, बोल्टच सैल होऊ शकतो. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं.

आणि क्रँक सुटला की टाळ्या पिटून लगेच सेल मारू नका. व्हॉल्वही आपापल्या गाइडमध्ये गंजून धरलेले असतात, आणि कॅमने ढकलल्यावर न उघडणारा व्हॉल्व पुशरॉड (त्याला ढकलणारी काडी) वाकवतो. टॅपेट कव्हर काढून, हाताने दोन पूर्ण फेरे देऊन, सोळाही रॉकर (व्हॉल्व दाबणारे हात) खाली जाऊन वर येतात का ते डोळ्यांनी बघा. ताजं तेल भरा. या क्रायस्लर इंजिनांत डिस्ट्रिब्युटर आणि त्याखालचा दांडा काढून ड्रिलने तेलपंप फिरवता येतो. ड्रिल उलट्या दिशेने चालवायचं, आणि क्रँक हाताने थोडा थोडा फिरवत रॉकरांवर तेल येईपर्यंत थांबायचं. टाकीतलं शिळं पेट्रोल इंजिनापर्यंत जाऊच देऊ नका, पहिल्या वेळी वेगळ्या डब्यातून ताजं द्या.

माझं 383 अकराव्या दिवशी सुटलं. आवाज मोठा नव्हता, कोरडी काडी मोडावी तसा टक्. पान्याचं टोक इंचभर खाली गेलं आणि मी तिथेच थांबलो, परत मागे घेतलं, परत तेल घातलं. पूर्ण फेरा बसायला आणखी दोन दिवस गेले. पुढे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरातला दाब, मोजलं तेव्हा सात सिलेंडर 125 ते 140 पीएसआयमध्ये आले आणि सहा नंबर 95 वर. त्या भिंतीवरून नख फिरवलं की एका जागी खळगा लागतो. तेवढ्यापुरतं या हिवाळ्यात ब्लॉक बोअरिंगला (सिलेंडरची भिंत कातून सारखी करायला) जाईल, नंबर ठोकलेला तोच ब्लॉक.