लाल शर्ट आणि बैलाचा राग

“लाल शर्ट घालून शर्यतीला जाऊ नको, बैल अंगावर येईल!” खानापूर-निपाणीकडं हे लहानपणी ऐकलेलंच असतं. मग कर्नाटकी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, काय होतं? शिंगांना लाल हिंगूळ, कपाळावर लाल गोंडे, वर गुलाल. बैल मात्र निवांत पुरणपोळी खातो.

रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी माणसाच्या डोळ्यात ३ प्रकारच्या, बैलाच्या डोळ्यात २च. तांबडा-हिरवा वेगळा ओळखायला लागणारी तिसरी जात त्याच्याकडं नाही. आपल्याला भडक वाटणारं लाल त्याला मळकटच दिसतं.

दाखला दिला जातो स्पेनमधल्या झुंजींचा. तिथं बैल उसळतो तो कापड फडफडल्यामुळं. सुरुवातीचं मोठं कापड तर गुलाबी-पिवळं असतं; लाल येतं शेवटच्या टप्प्यात, आणि तोवर बैल आधीच पिसाळलेला असतो.