कॅनव्हा आलं कुठून? पर्थच्या ईयरबुकपासून सोलापूरच्या फ्लेक्सपर्यंत

गड्ड्याच्या यात्रेच्या शुभेच्छा असोत, नवी पेठेतल्या क्लासची ‘ॲडमिशन चालू’वाली पोस्ट असो नाहीतर चादरीच्या दुकानाचा व्हॉट्सॲपवर फिरणारा नवीन मालाचा फोटो, हल्ली सोलापुरात असलं बरंचसं काम मोबाईलवर बसल्या बसल्या कॅनव्हा ह्या डिझाइनच्या ॲपमधे होतं. वापरतात सगळे, पण हे कुणी काढलं आणि एवढं का चाललं ते फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

डिझाइन म्हणजे काय हे सोलापूरला शिकवायची गरज नाही. जॅकार्ड चादरीवरचा मोर किंवा कडेची वेलबुट्टी आधी ग्राफ पेपरवर यायची, एकेक चौकट ब्रशने रंगवायची, एक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याचा एक छेद, मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं ओळीने शिवून मागावर टांगायची. एक नक्षी बदलायची म्हटलं तरी हे सगळं परत. त्यामुळे डिझायनर माणूस मोजकाच, आणि त्याच्या हाताला किंमत. आता ते कॉम्प्युटरवर आलंय, पण काम जाणकाराचंच राहिलं.

छपाईतही तेच होतं की. लग्नपत्रिका छापायची म्हणजे डीटीपीवाल्याकडे (कॉम्प्युटरवर मजकूर-चित्रं जुळवून देणाऱ्याकडे) जायचं, त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायचं, तो कोरल ड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडणार, श्रीलिपी ह्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधे ‘चि. सौ. कां.’ टाईप करणार, आपण म्हणणार की मामांचं नाव काकांच्या वर घ्या, गणपती जरा मोठा करा, आणि मग घरून फोन येणार की निमंत्रकांमधे अजून दोन नावं राहिली. पूर्व भागात तर तीच पत्रिका तेलुगूत पण लागायची. कोरल ड्रॉ १९८९ चं, कॅनडातल्या ओटावाच्या कंपनीचं, फोटोशॉप १९९० चं. दोन्ही जबरदस्त सॉफ्टवेअर, पण शिकायला महिने लागतात, त्यात श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोडमधले (सगळ्या कॉम्प्युटर-मोबाईलला कळणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीतले) नाहीत, म्हणजे तिथला मजकूर कॉपी करून दुसरीकडे टाकला की सगळा गोंधळ, आणि उलट बाजूने युनिकोड मराठी जुन्या फोटोशॉपमधे टाकली की पहिली वेलांटी भलत्याच जागी जायची आणि जोडाक्षरं फुटायची. हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाला मी मानतो, पण गिऱ्हाईकाला स्वतःला काहीच करता यायचं नाही हेही तेवढंच खरं.

नेमका हाच त्रास ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधे मेलनी पर्किन्सला दिसला. ती तिथे युनिव्हर्सिटीत शिकता शिकता बाकीच्या पोरांना डिझाइनची सॉफ्टवेअर्स शिकवायची, आणि पोरांचा निम्मा वेळ कुठलं बटण कुठे आहे हे शोधण्यातच जायचा. वय एकोणीसच्या आसपास. तिने एकदम जगभराचं सॉफ्टवेअर काढायला नाही घेतलं, एक छोटी गोष्ट धरली, शाळेचं ईयरबुक. तिकडे शाळा दरवर्षी मुलांचे फोटो, आठवणी असं पुस्तक काढतात आणि ते जुळवायचं काम बहुतेक वेळा एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं, ज्याला डिझाइन येत नसतं. २००७ ला तिने आणि क्लिफ ओब्रेक्टने (पुढे दोघांचं लग्न झालं) फ्युजन बुक्स नावाची कंपनी काढली, ऑफिस म्हणजे तिच्या आईची बैठकीची खोली. शाळेने ऑनलाईन पानं लावायची, ह्यांनी छापून पाठवायची. चाललं ते, ऑस्ट्रेलियाबाहेर न्यूझीलंड, फ्रान्सलापण गेलं. माझ्या मते कॅनव्हाचं खरं बळ इथलंच आहे, कारण पहिल्या दिवसापासून त्यांचं गिऱ्हाईक डिझायनर नव्हतंच.

पुढची वर्षं मात्र फार जड गेली. शंभराहून जास्त गुंतवणूकदारांनी नकार दिला. पर्थ कुठे आणि गुंतवणूकदारांची अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली कुठे, ओळखपाळख शून्य. बिल टाय नावाचा एक गुंतवणूकदार पर्थला आला तेव्हा ती त्याला गाठून बोलली, मग सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन भेटली. हा माणूस काइटसर्फिंगवाल्या (मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर पळायचा खेळ) उद्योजकांचे मेळावे भरवायचा, म्हणून तिने समुद्रात काइटसर्फिंग शिकून घेतलं! त्याच ओळखीतून लार्स रासमुसेन भेटला, गूगल मॅप्सच्या सुरुवातीच्या लोकांमधला, आणि तो अडून बसला की टेक्निकल टीम पक्की जमल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्याने एकामागून एक माणसं नापास केली, ह्यात जवळपास वर्ष गेलं. शेवटी आधी गूगलमधे असलेला कॅमेरन ॲडम्स तिसरा संस्थापक म्हणून आला. २०१२ ला कंपनी, ऑगस्ट २०१३ ला सिडनीतून कॅनव्हा लोकांसाठी खुलं.

त्याच वर्षी मे महिन्यात ॲडोबीने, म्हणजे फोटोशॉपच्या कंपनीने, जाहीर केलं होतं की ह्यापुढे नवीन व्हर्जन विकत मिळणार नाही, महिन्याचं भाडं भरायचं. ज्याला वर्षातून चारदा पोस्टर लागतं तो दर महिन्याला पैसे कशाला भरेल? इकडे कॅनव्हा ब्राउझरमधे उघडतं, इन्स्टॉल काही नाही, जुन्या कॉम्प्युटरवरपण चालतं, तयार टेम्प्लेट घ्या, नाव बदला, फोटो ओढून टाका, फुकट. पैसे सुरुवातीला फक्त विकतचा फोटो वापरला तर, एक डॉलर, नंतर प्रो प्लॅन आला. शाळांना शिक्षणासाठी फुकट दिलं, आणि शाळेत ज्यावर हात बसतो ते पोरं पुढेही सोडत नाहीत.

आपल्याकडे ते रुजायला अजून एक गोष्ट लागली, ती म्हणजे मोकळे देवनागरी फॉन्ट. मुंबईच्या ‘एक टाईप’ ह्या फॉन्ट बनवणाऱ्यांचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर कुणालाही फुकट मिळायला लागले, मोबाईलवर युनिकोड मराठी टायपिंग सगळ्यांच्या हातात आलं, आणि मग मंडळाचा पोरगापण ‘समस्त सोलापूरकरांना हार्दिक शुभेच्छा’ न चुकता लिहायला लागला. ह्या फॉन्टवाल्यांचं नाव कुणी घेत नाही, घ्यायला पाहिजे.

आकडे थोडक्यात सांगतो. २०१८ ला कंपनीची किंमत १ अब्ज डॉलर धरली गेली, सप्टेंबर २०२१ मधे ४० अब्ज, मधे खाली येऊन २६ च्या आसपास गेली, २०२५ ला परत ४० च्या वर. महिन्याला वापरणारे २० कोटींच्या पुढे. २०१९ मधे पेक्सेल्स आणि पिक्साबे ह्या फुकट फोटोंच्या साइट्स त्यांनी घेतल्या, २०२४ मधे इंग्लंडच्या नॉटिंगहॅमची सेरिफ, म्हणजे ॲफिनिटीवाले. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण ॲफिनिटी हे प्रोफेशनल लोकांचं सॉफ्टवेअर, आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते फुकट केलंय.

मग डीटीपीवाल्याचं काय? छोटी कामं गेली हे दिसतंच, बर्थडे बॅनर, स्टेटस, व्हिजिटिंग कार्ड. पण चौकात वीस फुटी फ्लेक्स लावायचा तर मोबाईलवरून पाठवलेला जेपीजी तिथे फाटतो, चेहरा चौकटी चौकटीचा दिसतो, आणि व्हॉट्सॲपने तो अजून दाबलेला असतो. स्क्रीनवरचा भगवा आरजीबीत (लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून) असतो, प्रिंटची शाई सीएमवायकेची (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी), त्यामुळे छापल्यावर तो कधी मळकट, कधी लालसर येतो. हे सगळं नीट करून देणारा माणूस अजूनही दुकानातच बसलेला आहे. त्याच्याकडे जाताना फाईल कॅनव्हातून प्रिंटसाठीच्या पीडीएफमधे काढा, फोटो मूळ साईझचा वेगळा द्या, आणि पाठवायचं तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.