भूत खरं की खोटं: विनोदी भयपटांमागची पार्श्वभूमी

२०२४ च्या जूनमध्ये 'मुंज्या' आला, ऑगस्टमध्ये 'स्त्री २'. दोन्ही धो धो चालले. तेव्हापासून लातूर, परभणी, नांदेडकडच्या सिनेमावेड्या मंडळींत एक तक्रार सारखी कानावर येते: खरा भयपट संपला, आता भुताची नुसती थट्टा उरली. तक्रार करणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. ऐंशीच्या दशकात त्यांनी रात्री जागून भुताचे सिनेमे पाहिले आणि पहाटे अंगणात जायलाही कुणाला तरी सोबत उठवलं. त्यांची भीती खरी होती. पण ज्या सिनेमांनी ती दिली, त्यांत विनोदाची भरपूर रेलचेल होती, हे आज विसरलं जातं. भय आणि विनोद यांचं नातं जुनंच आहे. त्यात दोन गोष्टी बदलत गेल्या: हसायचं कुणाला, आणि शेवटी भूत खरं ठरवायचं की खोटं. दुसरा प्रश्न मराठवाड्यात नुसता सिनेमापुरता राहत नाही, म्हणून इथे त्याला जास्त जागा दिली आहे.

मागे जायचं तर पैठणपर्यंत जाता येतं. नाथांच्या भुताच्या भारुडात झपाटलेल्या बाईसाठी देवऋषी येतो, लिंबू-नारळ-कोंबड्याचा उतारा होतो आणि भूत काही हलत नाही. त्याच भुताने नारदाला धरलं तेव्हा त्याला साठ पोरं झाली, हे ऐकून मंडळी हसतात. शेवटी ते भूत म्हणजे सगळीकडे भरून राहिलेला देव, असा उलगडा होतो. सोळाव्या शतकातली ही रचना आहे. आधी दचकवायचं, मग हसवायचं, मग अर्थ सांगायचा, हा क्रम आपल्याकडे सिनेमाच्या कितीतरी आधी रुळला होता.

हिंदी पडद्यावर 'महल'ने (१९४९) ओसाड हवेली आणि रात्रीच्या गाण्याचा साचा बसवला. पण त्या काळातलं भूत शेवटच्या रिळात माणूस निघायचं. 'महल'मधली छाया माळ्याची मुलगी ठरते. 'बीस साल बाद' (१९६२) आणि 'वह कौन थी' (१९६४) यांचे उलगडेही सूड आणि कारस्थानाचेच. १९६५ मध्ये तर एका आघाडीच्या विनोदी नटानेच 'भूत बंगला' दिग्दर्शित केला. तिकडे अमेरिकेत ज्या स्टुडिओने ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस पडद्यावर आणला, त्याच स्टुडिओने १९४८ मध्ये त्यांना एका विनोदी जोडगोळीपुढे उभं केलं होतं. म्हणजे थट्टेची सुरुवात २०१८ च्या 'स्त्री'पासून झाली, असं म्हणायला काही आधार नाही.

आपल्याकडे भूत निःसंशय खरं झालं ते मुंबईतल्या सात रामसे भावांमुळे. १९७० मध्ये त्यांच्या कुटुंबाने काढलेला एक चित्रपट पडला. पण त्यात भेसूर मुखवटा घालून चोरी करणाऱ्याचा एक प्रसंग होता आणि तेवढ्यासाठी लोक पुन्हा तिकीट काढत होते. भावांनी ते हेरलं. कथा, कॅमेरा, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन अशी कामं घरातल्या घरात वाटून घेतली, महाबळेश्वरला मुक्काम ठोकला आणि 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) उभा केला. पुढे 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८), 'बंद दरवाजा' (१९९०). या भुताला उलगडा लागत नव्हता. ते जमिनीतून उठायचं आणि त्रिशूळ किंवा आग घेऊन त्याला संपवावं लागायचं.

हे चित्रपट मराठवाड्याने मनापासून पाहिले. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. उर्दू-दखनीची सवय इथल्या मराठी कानांना पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यामुळे हिंदी भयपटातले संवाद खेड्यातल्या म्हातारीलाही अडत नसत. जत्रेतल्या तंबू टॉकीजने हे सिनेमे गावोगावी नेले. मग व्हिडिओ आला. गल्लीतली पोरं वर्गणी काढून रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्याने आणायची. आधी देवाधर्माचा किंवा घरगुती सिनेमा लागे, बायका-मुलं पेंगली की मध्यरात्रीनंतर भुताचा. 'फक्त प्रौढांसाठी' हा दाखला थिएटरच्या दारात अडवायचा. अंगणातल्या टीव्हीला दारच नव्हतं. गोधडीखालून एक डोळा उघडा ठेवून पाहणारी मुलं हाच या चित्रपटांचा सर्वांत निष्ठावान प्रेक्षक होता, असं मी ठामपणे म्हणेन.

त्या रात्रींत 'ईव्हिल डेड'चीही कॅसेट फिरायची. तिचा उल्लेख मुद्दाम करतो. १९८१ चा पहिला भाग निव्वळ अंगावर काटा आणणारा आहे. १९८७ मध्ये त्याच दिग्दर्शकाने जंगलातली तशीच खोली, तोच नायक आणि जवळपास तीच गोष्ट घेऊन दुसरा भाग काढला, आणि तो प्रेक्षकाला हसवून बेजार करतो. रक्त थोडं जास्त, हालचाल थोडी वेगवान, नायकाची फजिती थोडी लांबलेली. एवढ्या फरकाने एकच गोष्ट या बाजूची त्या बाजूला गेली. दचकवणं आणि हसवणं यांची कारागिरी किती जवळची आहे, हे दाखवणारं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. दोन्हींत प्रेक्षकाला एका ठिकाणी पाहायला लावायचं असतं आणि वार दुसरीकडून करायचा असतो.

सात भावांच्या चित्रपटांत मात्र ही मिसळण नव्हती. तिथे विनोदाचा धागा वेगळा चालायचा. 'पुराना मंदिर'मध्ये शाप, हवेली आणि धडावेगळं शिर यांची कथा एकीकडे, तर दुसरीकडे 'शोले'तल्या डाकूची टवाळी करणारा पूर्ण उपप्रसंग, त्याच्या टोळीसकट. दोन्ही धागे क्वचितच एकमेकांना शिवतात. अडीच तास भरायचे, गाणी बसवायची, घाबरलेल्या प्रेक्षकाला मधून मधून दम खाऊ द्यायचा, ही त्यामागची व्यवहाराची गरज. पण या मांडणीचा एक परिणाम मला आजही खटकतो. हसू यायचं ते नोकर, चौकीदार, खानसामा यांच्या भित्रेपणाचं. मालकाचा मुलगा निधड्या छातीने तळघरात उतरायचा आणि गरीब माणूस खाटेखाली लपायचा. भिणं ही हलक्या माणसाची खूण ठरवली गेली. पुढच्या विनोदी भयपटांनी सर्वांत मोठा बदल कुठे केला असेल तर इथे.

मराठी सिनेमा त्याच काळात वेगळ्या वाटेने चालला होता. 'एक डाव भुताचा' (१९८२) मधलं भूत मास्तरचा दोस्त होतं, 'भुताचा भाऊ' (१९८९) मधलं भूत आपल्याच भावाच्या मदतीला येतं. ही भुतं गोड होती, पण त्यांना कुणी भ्यालं नाही. हिंदीत भीतीशेजारी विनोद ठेवलेला, मराठीत भीतीच काढून टाकलेली. दोन्ही एकाच प्रसंगात, एकाच पात्रात आणायचं काम बाकी होतं.

ते १९९३ मध्ये झालं. 'झपाटलेला'ची मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकी चित्रपटावरून सुचलेली असली, तरी तात्या विंचू इथलाच झाला. मेलेल्या गुंडाचा आत्मा बोलक्या बाहुल्यात शिरतो आणि ज्याच्या हातात बाहुला आहे तो नायकच सर्वांत जास्त घाबरतो. खाटेखाली लपणारा नोकर इथे लागत नाही. बाहुल्याचा आवाज ऐकून हसू येतं आणि त्याच क्षणी तो मान वळवतो तेव्हा पाठीतून कळ जाते. त्या वर्षीची लहान मुलं आज चाळिशीला आली तरी अंधारात बाहुली उभी करून ठेवत नाहीत. मराठीतला पहिला पुरता जमलेला विनोदी भयपट मी यालाच मानतो, आणि हिंदीला असं काही साधायला पुढची वीसेक वर्षं लागली.

त्याच वर्षी रामसे भावांपैकी काहींनी छोट्या पडद्यावर भुताची मालिका सुरू केली आणि भय आठवड्याच्या वेळापत्रकात बसलं. त्याच वर्षाच्या अखेरीस केरळात 'मणिचित्रत्ताळ्' आला. आणि त्याच वर्षी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्याने वसवावी लागली. जुन्या गावठाणांत पडक्या भिंती, बाभळी आणि ओस देवळं उरली. हवेलीच्या सिनेमाला शोभावं असं सगळं तिथे होतं. तरी त्या जागांवर भुताचा विनोद केलेला माझ्या ऐकण्यात नाही. मेलेली माणसं नावानिशी आठवत असली की ती गंमत कुणाला सुचत नाही.

आता वादाचा मुद्दा. 'मणिचित्रत्ताळ्'चं हिंदी रूप 'भूल भुलैया' २००७ मध्ये आलं. केरळातलं जुनं घर राजस्थानी हवेली झालं, बाकी गाभा तोच. पहिला अर्धा भाग जवळजवळ प्रहसन, नंतर हळूहळू अंधार, आणि शेवटी कळतं की भूत नाहीच. घरातल्या सुनेला मनाचा आजार आहे आणि ती स्वतःला जुन्या काळातली नर्तकी समजते. चित्रपटातला मनोविकारतज्ज्ञ तिला बरी करतो. हा शेवट अनेकांना फसवणूक वाटला. भयपटाचा चाहता म्हणतो: दोन तास भिववलं आणि मग डॉक्टरची चिठ्ठी हातात दिली. दुसरी बाजू म्हणते: हाच एक शेवट प्रामाणिक आहे.

मराठवाड्यात या दुसऱ्या बाजूला वजन का आहे, हे समजून घ्यायचं तर भानामती आठवावी लागते. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठणं, घरावर दगड पडणं, दांडीवरचे कपडे पेटणं, बायकांनी कुत्र्यासारखं भुंकणं: लातूर, नांदेड, धाराशिव आणि सीमेपलीकडच्या बीदरकडे अशा घटना अनेक दशकं सांगितल्या गेल्या. 'हिला बाहेरचं आहे' असं एकदा गावाने ठरवलं की त्या बाईची वाट देवऋष्याकडे जायची आणि करणी केल्याचा संशय ज्या म्हातारीवर असे तिचे हाल कुत्रा खात नसे. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे कार्यकर्ते गावोगाव फिरले आणि त्या बायकांशी बोलले. सासुरवास, मुलगा होण्याचा धोशा, न बोलता येणारा राग अशी कारणं त्यांनी पुढे आणली. २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा ठरला.

अशा मुलखात पडद्यावरची लागीर झालेली बाई आजारी ठरते की भूत ठरते, हा तांत्रिक प्रश्न उरत नाही. 'भूल भुलैया'बद्दल माझं मत असं: त्याचा शेवट वाटतो तेवढा स्वच्छ नाही, कारण डॉक्टर तिला बरं करताना मांत्रिकाच्या विधीचाच देखावा मांडतो आणि तो विधी लागू पडतो. श्रद्धाळू प्रेक्षकालाही आपलंच खरं वाटत घरी जाता येतं. तरीही त्याने एक मोठं काम केलं. टिंगलटवाळी करत आलेला डॉक्टर लोकांनी ऐकून घेतला. गंभीर चेहऱ्याच्या माहितीपटाने हेच सांगितलं असतं तर अर्धी मंडळी उठून गेली असती. विनोदामुळे भयपटात मनोविकाराची भाषा शिरली.

म्हणून २०२२ चा 'भूल भुलैया २' मला मागे घेतलेलं पाऊल वाटतो. नाव तेच, नर्तकीचं नावही तेच, पण या वेळी भूत खरं. ज्या गोष्टीने पंधरा वर्षांपूर्वी 'ही आजारी आहे' म्हटलं होतं, तिनेच 'हिला धरलं आहे' म्हटलं. यावर फार कुणी बोललं नाही. तिकीटबारी खूश होती.

'स्त्री'ने (२०१८) तिसरा मार्ग काढला. तिचं मूळ नव्वदच्या दशकात कर्नाटकात पसरलेल्या एका अफवेत आहे: रात्री दार वाजवणाऱ्या भुताला परत पाठवायला लोक दारावर 'उद्या ये' असं लिहीत. चित्रपटाने गाव मध्य प्रदेशातलं चंदेरी घेतलं. भूत खरं ठेवलं, पण तिच्या भुकेमागचा अन्याय सांगितला, आणि रात्री घराबाहेर पडायची धास्ती बाप्यांच्या वाट्याला दिली. नायक, त्याचे मित्र, गावचा शहाणा, सगळेच भितात आणि ते भिणं आपल्याला आपलं वाटतं. खानसाम्याच्या खाटेखालची जागा आता सगळ्यांनी वाटून घेतली होती.

'मुंज्या'बद्दल इथल्या लोकांची कुरकुर मात्र मला पटते. मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही समजूत कोकणात आहे तशी मराठवाड्यातही आहे. पण इथे तो मुंजाबा होतो. शेताच्या बांधावर, पारावर त्याचा शेंदूर लावलेला दगड असतो आणि त्याला नारळ फुटतो. भ्यायचं आणि हात जोडायचे, हे एकाच वेळी चालतं. चित्रपटातला संगणकाने घडवलेला खोडकर पोरगा हसवतो, दचकवतोही, पण त्याला हात जोडावेसे वाटत नाहीत. तेवढा धागा सुटला.

विनोदाला बाजूला ठेवणारा भयपट या साऱ्यात मेला का? २०१७ चा 'लपाछपी' पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही. उसाच्या फडात अडकलेली गरोदर बाई आणि तिच्या पोटातल्या मुलीवर टपलेलं घर. एवढ्यावर तो सिनेमा उभा आहे, आणि २०२१ मध्ये त्याचं हिंदी रूप निघालं. बीड जिल्ह्यात तो पाहणं वेगळं आहे. ऊसतोडीला कोयता घेऊन जाणाऱ्या टोळ्या तिथल्याच, आणि २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली मोजल्या गेल्या तो जिल्हाही तोच. तिथे विनोद घालायला जागाच नव्हती, आणि दिग्दर्शकाने ती शोधलीही नाही. 'तुंबाड' २०१८ मध्ये बेताचा चालला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला, तेही 'स्त्री २' चालू असताना. दोन्ही जातींचे चित्रपट एकाच महिन्यात, एकाच प्रेक्षकाने पाहिले.

'लपाछपी' आणि त्याचं हिंदी रूप एकाच दिग्दर्शकाचं आहे. 'मुंज्या'चा दिग्दर्शक तर मराठीच. त्याआधी त्याने डोंबिवलीत झॉम्बी आणून 'झोंबिवली' (२०२२) केला होता. हात आपले आहेत, पण विहिरीवरच्या आसरा (जलदेवता), रानातला चकवा, बिब्ब्याच्या फुल्या या आपल्याकडच्या गोष्टींवर मोठ्या पडद्यासाठी केलेलं नाव घेण्याजोगं काम मी अजून पाहिलेलं नाही. आसरांवर विनोदी भयपट उत्तम होईल. भानामतीवर कुणी केला, तर शेवटी भूत खरं ठरवायचं की खोटं, हे त्याने लिहायला बसण्याआधीच ठरवलेलं बरं. ज्या बायकांना त्या नावाखाली बांधून मारलं गेलं, त्यांतल्या कितीतरी अजून हयात आहेत.