चेहरा करकरला म्हणजे स्वच्छ झाला?

वॉटरप्रूफ काजळ फेसवॉशने कितीही घासा, पापणीच्या कडेला काळी रेघ उरतेच. खोबरेल तेलाचे दोन थेंब लावले की तीच रेघ अर्ध्या मिनिटात सुटून बोटाला येते. यात तेलाचा काही औषधी गुण नाही. असलं काजळ म्हणजे मेण, तेल आणि काजळीचे बारीक कण. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके धरून असतात की मेणाला ते थारा देत नाहीत. तेलाचे रेणू मात्र मेणाच्याच जातकुळीतले. ते मेणात शिरतात, त्याला ढिलं करतात, आणि अडकलेली काजळी मोकळी होते.

नाटकवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. प्रयोग संपला की रंगपटात खोबरेलाची बाटली फिरते. नट आधी तेल चोळतो, मग कापडाने रंग पुसतो, आणि साबणाला हात लावतो तो सर्वात शेवटी. सिंधुदुर्गातले दशावतारी नट आपली रंगभूषा स्वतःच करतात, आणि उतरवतातही स्वतःच. युरोपात १८७३ साली बर्लिनमध्ये लुडविग लाइखनर या ऑपेरा गायकाने चरबीत कालवलेल्या रंगाच्या कांड्या बाजारात आणल्या. हा चिकट रंग उतरवायला तिकडच्या नटांनी कोल्ड क्रीम हाताशी धरलं. कोल्ड क्रीमची कृती त्याहून कितीतरी जुनी, दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याच्या नावावर सांगितली जाते: मधमाशीचं मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी. त्यातलं पाणी त्वचेवरून उडून जाताना गार वाटतं, म्हणून ते ‘कोल्ड’. बाकी काम तेलाचं.

जपानमध्ये काबुकीच्या नटांना पांढरा लेप लावण्याआधी चेहऱ्यावर मेणासारखा थर द्यावा लागे, नाहीतर रंग धरत नसे. या पांढऱ्या रंगात पूर्वी शिसं असे. १८८७ साली मेजी सम्राटासमोर झालेल्या प्रयोगात नाकामुरा फुकुसुके या नटाचा पाय थरथरू लागला आणि ते शिशाच्या विषबाधेचं लक्षण निघालं. त्यानंतर शिसंविरहित रंगाची निकड सगळ्यांना पटली. विषयांतर झालं खरं, पण चेहऱ्याला लावलेली वस्तू पूर्ण उतरली की नाही हा प्रश्न एकेकाळी केवळ सौंदर्याचा नव्हता, हे लक्षात असलेलं बरं.

तेलाने रंग सुटतो, पण तेलाचं काय करायचं? खोबरेलाने मेकअप काढला की चेहरा तुपकट राहतो. पाणी मारलं तर थेंब नुसते घरंगळून जातात. आपल्या आज्या-पणज्यांनी यावर बेसन किंवा मसुरीचं पीठ शोधलं. पिठातला स्टार्च आणि प्रथिनं तेल शोषून घेतात, कण थोडे घासतात, आणि पीठ धुताना तेलही सोबत निघतं. दिवाळीच्या अभ्यंगात तेलामागून उटणं येतं ते काही उगीच नाही. साय लावण्याची रीत तर आणखी हुशार. सायीत स्निग्धांश आहे आणि त्याला पाण्यात विखरून ठेवणारी दुधाची प्रथिनंही आहेत. बाटलीत मिळणारं ‘क्लेन्झिंग मिल्क’ हे तत्त्वतः याहून फार वेगळं नसतं.

जपानी उत्तर जास्त नेमकं होतं. हॉलिवूडमध्ये काम करून मायदेशी परतलेले रंगभूषाकार शू उएमुरा यांनी १९६७ साली तिथे मेकअप उतरवण्याचं तेल आणलं. आज क्लेन्झिंग ऑइल म्हणून मिळणाऱ्या अशा तेलांत एक ज्यादाचा घटक असतो: इमल्सिफायर, म्हणजे एक टोक तेलाकडे आणि दुसरं पाण्याकडे ओढ घेणारा रेणू. हे तेल कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हातांनी चोळायचं असतं, आणि बरेच जण चुकतात ते इथेच. आधी तोंड ओलं केलं तर इमल्सिफायर आल्या आल्या पाण्याला चिकटतो आणि मेकअपपर्यंत तेल नीट पोचतच नाही. मिनिटभर चोळून झाल्यावर ओला हात फिरवला की चेहऱ्यावरचं पारदर्शक तेल क्षणात दुधाळ पांढरं होतं. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात विखुरले गेल्याची ती खूण. मग नुसत्या पाण्याने ते निघून जातं. त्यानंतर सौम्य फेसाने दुसरी धुलाई करायची. कोरियन प्रसाधनांच्या लाटेबरोबर ‘डबल क्लेन्झिंग’ म्हणून आपल्याकडे येऊन पोचलं ते हेच. आधी तेल आणि मग उटणं लावणाऱ्यांना ते फारसं नवं वाटायला नको.

फ्रान्समध्ये गोष्ट उलटी घडली. तिथे मेकअप उतरवताना नळाचं पाणी टाळायची सवय जुनी आहे: कापसावर क्लेन्झिंग मिल्क घ्यायचं, पुसायचं, वर टोनर. याला फ्रेंच नजाकत म्हणून खपवलं जातं, पण त्यामागे चुनखडी आहे. पॅरिसला येणारं पाणी चुनखडीच्या खडकांतून मुरत येतं आणि त्यात कॅल्शियम भरपूर असतं. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणत, बोलीत आपण जड पाणी म्हणतो. अशा पाण्यात साबणाच्या रेणूला कॅल्शियम भेटला की दोघांचा न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या काठावर जमणारी राखाडी कड ती हीच, आणि ती चेहऱ्यावरही बसते.

या पाण्यावर तोडगा म्हणून १९९०च्या दशकात फ्रेंच औषधी दुकानांत मायसेलर वॉटर आलं. दिसायला पाणी, पण कापसावर घेऊन पुसलं की मेकअप निघतो. त्याची जाहिरात ऐकली तर वाटेल की मायसेल नावाचा कुणी नवा जादूगार सापडला. खरं तर साबणाचं पाणीही मायसेलरच असतं. साबणासारखे दुतोंडी रेणू पाण्यात पुरेसे झाले की आपसूक गोळा होतात. तेलप्रेमी शेपट्या आत आणि पाणीप्रेमी डोकी बाहेर, असा काही नॅनोमीटरचा गोळा, तोच मायसेल. साबणाच्या द्रावणात असे गोळे बनतात हे जेम्स मॅकबेन या रसायनतज्ज्ञाने १९१३च्या सुमारास मांडलं होतं. बाटलीतल्या पाण्याचं वेगळेपण इतकंच की त्यातले रेणू विद्युतभार नसलेले आणि सौम्य असतात, शिवाय त्यांचं प्रमाण कमी असतं. भार नसल्याने कॅल्शियमशी त्यांची गट्टी जमत नाही. ‘धुवायची गरज नाही’ असं लेबलवर असतं, पण हे रेणू काही उडून जात नाहीत, त्वचेवरच राहतात. रात्रभर ते ठेवायचे की धुवायचे? त्वचा नाजूक असेल तर धुतलेले बरे, असं माझं मत. आणि जाड थराच्या वॉटरप्रूफ मस्काऱ्यापुढे या पाण्याची ताकद अपुरीच पडते.

पाण्याचा हा फरक कळायला पॅरिसला जायची गरज नाही. लातूर-सोलापूरकडे बोअरच्या पाण्यावर वाढलेला माणूस मुंबईत पहिल्यांदा आंघोळ करतो तेव्हा त्याला साबण निघाल्यासारखा वाटतच नाही. चार तांबे जास्त ओतले तरी अंग बुळबुळीतच. मुंबईला येणारं भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी म्हणजे तलावात साठलेला पाऊस, त्यात क्षार कमी. अशा सुफेन पाण्यात साबण खरोखर विरघळून निघून जातो आणि त्वचा गुळगुळीत लागते. जड पाण्यात बोट फिरवलं की करकर होते. ही करकर आपण स्वच्छतेची पावती समजत आलो, पण तिच्यात साबणाच्या साक्याचा वाटा मोठा असतो. म्हणजे काहीतरी उरल्याची ती खूण. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तेव्हा एका गावात छान चालणारा साबण दुसऱ्या गावात कातडी ओढतो, यात नवल नाही. ब्रिटनमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी २०१८च्या सुमारास दाखवलं की जड पाण्याने धुतल्यावर त्वचेवर साबणी घटक जास्त प्रमाणात उरतात आणि त्वचा चुरचुरते. इसब असलेल्यांना त्याचा त्रास अधिक होतो.

आता त्या ओढल्यासारख्या वाटण्याबद्दल. त्वचेचा सर्वात वरचा थर म्हणजे मृत, चपट्या पेशींच्या पंधरा-वीस पदरांची चळत. जाडी केसाच्या जाडीहूनही कमी. पेशींच्या मध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असे मेद भरलेले असतात, आणि शरीरातलं पाणी तेच आत रोखतात. या थराचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण साडेचार ते साडेपाच. जर्मन संशोधक शाडे आणि मार्किओनिनी यांनी १९२८ साली याला आम्लाचं कवच म्हटलं. अंगाचा साबण नऊ-दहा पीएचचा, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी. त्याने पेशींतलं केराटिन हे प्रथिन फुगतं, मधले मेद थोडे धुऊन जातात, आणि त्वचेला मूळ आम्लता परत मिळवायला काही तास लागतात. मेद गेलेल्या थरातून पाणी भराभर उडतं आणि उन्हाळ्यात तळ्याचा गाळ वाळून आकसतो तसा तो थर आकसतो.

स्टॅनफर्डमधल्या राइनहोल्ड डाउस्कार्ट यांच्या गटाने २०२३ साली हा आकस थेट मोजला. दान मिळालेल्या त्वचेच्या तुकड्यांना क्लेन्झर लावून वरच्या थरात किती ताण येतो हे त्यांनी पाहिलं. मग तो ताण आतल्या संवेदक मज्जापेशींपर्यंत कसा पोचेल याचं गणित मांडलं आणि कोणता क्लेन्झर लोकांना किती ‘ओढणारा’ वाटेल याचं भाकीत केलं. फ्रान्समधल्या सुमारे २,००० बायकांनी प्रत्यक्ष वापरून दिलेल्या उत्तरांशी ते जुळलं. तोंड धुतल्यावर हसताना गाल ताणल्यासारखे वाटतात, तो भास नव्हे. तो यांत्रिक ताण आहे, आणि पुढे भेगा पडण्याची तीच सुरुवात. फेस किती आला यावर फेसवॉश जोखणाऱ्यांनी याचा विचार करावा. दणकून फेस देणारे काही घटकच त्वचेला सर्वात कठोर असतात.

चेहऱ्याच्या या सगळ्या भानगडीत डोळ्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथली त्वचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. पापणीच्या कडेला तेलग्रंथींची बारीक तोंडं रांगेने असतात. त्यांतलं तेल अश्रूंवर साय धरतं, म्हणून डोळा कोरडा पडत नाही. काजळ भरतो ते नेमकं या तोंडांवर. २०१८ साली नेत्रवैद्यकाच्या एका नियतकालिकात सिडनीच्या एका पन्नाशीच्या बाईंची हकिगत छापून आली. पंचवीसेक वर्षं मस्कारा लावायचा आणि नीट न काढता झोपायचं, अशी त्यांची सवय. डोळ्यांना सारखी खाज म्हणून दाखवायला गेल्या, तर वरची पापणी उलटल्यावर आत रुतून बसलेले काळे खडे दिसले. ते शस्त्रक्रियेने काढावे लागले. आपल्याकडे लग्नसराईत रात्री दोनला घरी आल्यावर कुणाला मेकअप काढायचा उत्साह असतो? पण बाकी चेहरा एक दिवस राहिला तरी डोळे तेवढे पुसावेत. तेल लावलेला कापूस मिटलेल्या पापणीवर पंधरा-वीस सेकंद नुसता ठेवायचा, मग खाली ओढायचा. घासायची गरजच पडत नाही. दोन थर दिसणाऱ्या, हलवून वापरायच्या बाटल्याही याच कामाच्या. वरच्या थरातले सिलिकॉन आणि आयसोडोडेकेन हे तेलासारखे द्रव टिकाऊ लिपस्टिकची पापुद्र्यासारखी फिल्म विरघळवतात. त्या लिपस्टिकही बनतात अशाच पदार्थांतून.

‘मी कुठे मेकअप करतो’ म्हणणाऱ्या पुरुषांनी सनस्क्रीन आठवावं. पाण्याला दाद न देणारं सनस्क्रीन नुसत्या पाण्याने निम्मंही निघत नाही. फेसवॉशने बरंच निघतं, क्लेन्झिंग ऑइलने जवळपास सगळं. दुचाकीवरून हडपसर ते हिंजवडी करणाऱ्याच्या तोंडावर धुराची काजळी बसते, तीही तेलकट. पण साधं, घामाने निघून जाणारं सनस्क्रीन असेल तर तेलाचा खटाटोप कशाला? एक सौम्य फेसवॉश पुरे. मुरुमांच्या तेलकट त्वचेवर खोबरेल रात्रभर ठेवू नये, हेही ओघाने आलंच. लिंबू मात्र सरळ कोशिंबिरीवर पिळावं. दोनच्या आसपास पीएच असलेला तो रस त्वचेला भाजतो, आणि वर ऊन लागलं तर डागही पाडू शकतो. वाफेने रंध्रं उघडतात आणि गार पाण्याने मिटतात असंही सांगतात. त्यांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. कोमट पाण्याने तेल थोडं पातळ होतं, इतकाच फायदा.

दिवसातून किती वेळा धुवावं याची अमेरिकेत एक लहानशी चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००६ साली छापले गेले. मुरुम असलेल्या तरुणांच्या तीन गटांनी दिवसातून एकदा, दोनदा आणि चारदा चेहरा धुतला. गटागटांत मोठा फरक दिसला नाही. दोनदा धुणाऱ्यांचे काळे ठिपके कमी झाले, एकदाच धुणाऱ्यांचे मुरुम थोडे वाढले, आणि चारदा धुणाऱ्यांना जास्तीच्या दोन धुण्यांतून काहीच हाती लागलं नाही.