टर्मिनलची लुआ आणि शेलची स्क्रिप्ट: कोणती कुठे चालते?

वेझटर्म या टर्मिनल प्रोग्रॅमकडे नव्याने वळलेल्यांचे प्रश्न आता तोंडपाठ झाले आहेत. बॅशआरसीत, म्हणजे बॅश शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये, एक्सपोर्ट केलेले व्हेरिएबल वेझटर्मच्या लुआ भाषेतल्या कॉन्फिगरेशन फाइलला का दिसत नाही? स्टेटस बारवर गिटची (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) भलतीच ब्रँच का येते? सर्व्हरवर काहीही चालवले तरी टॅबवर नुसते ‘एसएसएच’ (दूरच्या संगणकाशी जोडणारी कमांड) एवढेच का राहते? प्रश्न तीन असले तरी घोळ एकच आहे. टर्मिनलच्या आत बसवलेली भाषा आणि शेलची, म्हणजे टंकलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, भाषा या दोन्हींना सरसकट ‘टर्मिनलचे स्क्रिप्टिंग’ म्हटले जाते आणि मग एकीचे काम दुसरीच्या गळ्यात पडते.

शेलविषयी इथे फार सांगण्याचे कारण नाही. अलियास, फंक्शन, प्रॉम्प्ट आणि कम्प्लीशन हा बॅशचा किंवा झेड-शेलचा प्रांत आहे, हे वाचकाला ठाऊक असणारच. टर्मिनलच्या बाजूला मात्र बरीच विविधता आहे. वेझ फर्लाँग यांनी रस्टमध्ये लिहिलेल्या वेझटर्मची कॉन्फिगरेशन फाइल हाच मुळात लुआ ५.४ मधला प्रोग्रॅम असतो. आरएक्सव्हीटी-युनिकोड या टर्मिनलमध्ये त्याच्या पुष्कळ आधीपासून पर्लचा इंटरप्रिटर आहे. कोविद गोयल यांच्या किटी या टर्मिनलची मुख्य फाइल साध्या मजकुराची असली, तरी तिला पायथनमध्ये लिहिलेली ‘किटन’ नावाची छोटी प्रोग्रॅम जोडता येतात. यांपैकी कोणती भाषा बरी, हा वाद मला निरर्थक वाटतो. कळांच्या चार जोडण्या आणि दोन इव्हेंट लिहिण्यापुरती कोणतीही चालते.

खरा फरक आहे तो ही भाषा कोणत्या प्रोसेसमध्ये (चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये) चालते याचा. टर्मिनल कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) एक स्यूडोटर्मिनल मागून घेते, त्याचे एक टोक स्वतःकडे ठेवते आणि दुसऱ्या टोकाला शेल सुरू करून देते. त्यानंतर खिडकीचा आकार बदलल्याचा निरोप सोडला, तर दोघांमध्ये फक्त बाइटची ये-जा होते: दाबलेल्या कळा एका दिशेने जातात, छापायचा मजकूर आणि एस्केप सीक्वेन्स (टर्मिनलला सूचना देणारे खास बाइट) दुसऱ्या दिशेने येतात. लुआ अलीकडच्या टोकाला आहे, शेल पलीकडच्या. शेलची व्हेरिएबल, त्याचे अलियास, त्याची हिस्टरी यांतले काहीही लुआला दिसत नाही, कारण ती दुसऱ्याच प्रोसेसची स्मृती आहे.

एवढे ध्यानात घेतले की पहिला प्रश्न सुटतो. एन्व्हायर्नमेंटची प्रत पालक प्रोसेसकडून मुलाकडे जाते, उलट कधीच नाही. शेल हे टर्मिनलचे मूल असल्यामुळे त्यात केलेला एक्सपोर्ट वर पोचत नाही. त्यातही टर्मिनल मेन्यूतून किंवा मॅकच्या डॉकमधून उघडलेले असेल, तर त्याच्या जन्मात बॅशआरसी आलेलीच नसते. म्हणूनच होमब्रूने (मॅकवर प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाने) बसवलेली एखादी कमांड प्रॉम्प्टवर चालते आणि तीच लुआमधून बोलावली की सापडत नाही. वेझटर्ममध्ये व्हेरिएबल नेमून देण्याची सोय आहे, परंतु ती नव्याने उघडणाऱ्या शेलपुरती. आधीच चालू असलेल्या शेलला तिचा पत्ता लागत नाही.

गिटच्या ब्रँचचे तेच. लुआमधून गिट चालवले, तर ते टर्मिनलच्या स्वतःच्या डिरेक्टरीत चालते, तुम्ही शेलमध्ये ‘सीडी’ करून जिथे गेला आहात तिथे नव्हे. पेनची (खिडकीतल्या त्या विभागाची) डिरेक्टरी विचारून ती गिटला देता येते, हे खरे. पण पेनमध्ये एसएसएच चालू असेल, तर मिळालेला पाथ सर्व्हरवरचा असू शकतो आणि गिट तो लॅपटॉपवर शोधू लागते. तिसऱ्या प्रश्नाचेही तेच: पेनमध्ये समोर चालू असलेल्या प्रोसेसचे नाव विचारले, तरी ‘एसएसएच’ हेच उत्तर येते, कारण लॅपटॉपवर खरोखर तेवढेच चालू असते. माझ्या मते ब्रँचची जागा शेलच्या प्रॉम्प्टमध्येच आहे. लीडर कळ (जोडकळांची सुरुवात करणारी कळ) दाबलेली आहे का, वर्कस्पेस (खिडक्यांचा गट) कोणती, पेन मोठे केलेले आहे का, असे टर्मिनललाच माहीत असलेले तपशील स्टेटस बारवर खुशाल दाखवावेत. दर सेकंदाला गिट चालवणारी कॉन्फिगरेशन जशीच्या तशी उचलणाऱ्यांना मात्र हात जोडावेत.

याहून वाईट खोड म्हणजे लुआमधून शेलला ‘कमांड देणे’. लुआतले सेंड-टेक्स्ट हे फंक्शन कमांड देत नाही, फक्त टंकते. प्रॉम्प्ट समोर असेल, तर काम होते. त्या क्षणी व्हिम हा एडिटर उघडा असेल, तर तुमचे ‘सीडी’ आणि पुढचा पाथ ही त्याच्या लेखी नॉर्मल मोडमधल्या आज्ञांची माळ ठरते. अलियास म्हणून कळा बांधणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावे, मात्र महत्त्वाच्या फाइलवर नव्हे.

शेलकडून टर्मिनलकडे माहिती न्यायची असेल, तर ती त्याच बाइटच्या वाटेने न्यावी लागते. चालू डिरेक्टरीसाठी ओएससी ७ हा एस्केप सीक्वेन्स आहे. बाकी कशासाठीही वेझटर्म ओएससी १३३७ मधले सेट-युजर-व्हार स्वीकारते. शेलने मूल्य बेस-६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत) छापायचे आणि लुआने ते बदलल्याचा इव्हेंट ऐकायचा. हा मजकूर छापील प्रवाहातच असल्यामुळे तो एसएसएचमधूनही येतो, फक्त छापणारे शेल सर्व्हरवर तसे सजवलेले हवे. मध्ये टीमक्स (एकाच टर्मिनलमध्ये अनेक शेल चालवणारा प्रोग्रॅम) असेल, तर त्याचा पासथ्रू, म्हणजे असे सीक्वेन्स पुढे जाऊ देणारी सोय, चालू करावा लागतो. इथे एक धोका आहे. जे शेल छापू शकते, ते ‘कॅट’ने दाखवलेली कोणतीही परकी फाइलही छापू शकते, म्हणून अशा व्हेरिएबलचे मूल्य कमांड म्हणून कधीही चालवू नये.

उलट काही कामे शेलला जमणारच नाहीत. जुन्या पद्धतीत कंट्रोल-आय आणि टॅब या दोन्ही कळा शेलपर्यंत ९ क्रमांकाचा एकच बाइट म्हणून पोचतात. टर्मिनलला मात्र प्रत्यक्ष दाबलेली कळ कळते, तेव्हा असा भेद हवा असेल, तर तो लुआतच करावा.

राहिला संथ कामांचा मुद्दा. शेलमधले फंक्शन अडकले, तर ते एक शेल थांबते. टर्मिनलच्या प्रोसेसमधला कोड अडकला, तर खिडकीच गोठू शकते. किटीमध्ये ही सीमारेषा एकाच फाइलमध्ये दिसते: किटनचे ‘मेन’ हे फंक्शन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते, ‘हँडल-रिझल्ट’ खुद्द किटीच्या आत. नेटवर्कवर थांबणारे काहीही ‘मेन’मध्येच लिहावे आणि ‘हँडल-रिझल्ट’मध्ये हाती आलेले उत्तर खिडकीला लावण्यापुरत्या दोन-चार ओळी ठेवाव्यात.