आलिशान विद्युत मोटारी आणि कोकण

आलिशान विद्युत मोटारी : विजेवर चालणाऱ्या आणि आराम, शांतता, कारागिरी यांसाठी भरपूर पैसे मोजून घेतल्या जाणाऱ्या गाड्या. हा प्रकार शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. अमेरिकेत १९०७ पासून बनणारी ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ श्रीमंतांची लाडकी होती. धूर नाही, सुरू करायला हँडल मारणे नाही. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा हीच गाडी वापरत. १९१२ मध्ये कॅडिलॅकला चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला, पेट्रोल गाडीचे हँडल सुटले आणि विद्युत गाडीचे मोठे आकर्षण ओसरले. ते परत आणले टेस्लाच्या ‘मॉडेल एस’ने (२०१२). पुढे पोर्शेची ‘टायकान’ (२०१९) आणि रोल्स-रॉइसची ‘स्पेक्टर’ (२०२३) आली. मर्सिडीजची ‘ईक्यूएस’ तर २०२२ पासून घाटावर, चाकणलाच जुळवली जाऊ लागली.

कोकणात या गाडीचा कस घाटात लागतो, आणि तिथेच ती सर्वांत शोभते. उतारावर तिची मोटर जनित्र बनते आणि वीज बॅटरीत परत जाते. अडीच टनांची गाडी ६०० मीटर खाली आली की तिच्या उंचीतली सुमारे ४ युनिट ऊर्जा मोकळी होते. हवा आणि घर्षण वजा जाता तिचा चांगला वाटा हाती लागतो, ब्रेकही तापत नाहीत. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पोफळीला, कोयनेचे पाणी सह्याद्री उतरून वीज देते ते याच न्यायाने. मात्र काठोकाठ भरलेली बॅटरी ही वीज घेत नाही. म्हणून घाटमाथ्यावर पूर्ण चार्जिंग करू नये.

अडचण वाडीत आहे. दोन गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) वाट अरुंद, गाडी रुंद आणि पोटाला खाली. खाडीचे खारे पाणी बॅटरीत शिरले तर काही दिवसांनीही आग लागू शकते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचा पूर पाहिलेल्या चिपळूणला हे गंभीरपणे घ्यावेच लागेल.

पुढची वाट सरळ नाही. बेंटलीने केवळ विद्युत मोटारी बनवण्याची मुदत २०३० वरून २०३५ वर नेली. कोकणापुरते पाहता प्रश्न मुक्कामाच्या विजेचा आहे. १०८ युनिटांची बॅटरी घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर भरायला दीड दिवस लागतो. ७ किलोवॅटच्या चार्जरवर रात्रभरात निम्म्याहून अधिक भरते. त्यासाठी गणपतीला गाडी गावी नेण्याआधी महावितरणकडून घरच्या मीटरचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो.