नव्या बँडचा शोध (मुंबई)

चित्रपटसंगीत आणि मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्या बाहेर राहून स्वतःची गाणी रचणारे बँड व गायक-वादक हुडकणे, त्यांना समोर बसून ऐकणे आणि त्यांची गाणी इतरांपर्यंत पोहोचवणे, हा मुंबईतील श्रोत्यांचा निदान पन्नास वर्षे चालत आलेला उद्योग आहे. अशा संगीताला ‘इंडी’ म्हणतात. इंडिपेंडंट या शब्दाचे ते आखूड रूप. नव्वदच्या दशकातल्या ‘इंडीपॉप’शी त्याची गल्लत करू नये, इंडीपॉपच्या पाठीशी कॅसेट कंपन्या आणि संगीतवाहिन्या उभ्या होत्या. इंडी ही एक शैलीही नव्हे. रॉक, मेटल, हिपहॉप, इलेक्ट्रॉनिक, अभंगांवर बेतलेले फ्यूजन हे सारे तीत येते. गाणे कसे असावे आणि केव्हा बाहेर यावे हे गाणाराच ठरवतो, एवढा एकच धागा या सगळ्यांत सारखा. या वर्तुळाला त्यातले लोक ‘सीन’ म्हणतात, कार्यक्रमाला ‘गिग’, आणि नव्या बँडविषयी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ओरिजिनल (स्वतःची गाणी) वाजवतात की कव्हर (दुसऱ्यांची)?

मुंबईत हा शोध मुद्दाम घ्यावा लागतो, कारण हे हिंदी चित्रपटसृष्टीचे शहर. रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये, गणपतीच्या मंडपात, लालबाग-परळच्या बेंजो पार्टीच्या वादनात चित्रपटातली गाणी न मागता कानांवर पडतात. नवा बँड असा आपोआप कानांवर पडत नाही. कुणीतरी कुणाला तरी ‘हे ऐक’ म्हणावे लागते. कॅसेटपासून मोबाइलपर्यंत साधने बदलत गेली. हे ‘हे ऐक’ म्हणणारे माणूस आणि बँडला वाजवता येईल अशी खोली, या दोन गोष्टींवाचून मात्र मुंबईत एकही बँड मोठा झालेला नाही.

रंगभवनाचे दिवस

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिगारेटच्या एका ब्रँडने भरवलेल्या सिमला बीट या स्पर्धेने देशभरचे हौशी बँड षण्मुखानंद सभागृहात आणले. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांमधील निवडक बँडच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. पुढे धोबीतलावचे रंगभवन हे खुले नाट्यगृह या संगीताचे घर झाले. १९७८ मध्ये जॅझ यात्रा हा जॅझ संगीताचा महोत्सव पहिल्यांदा तिथेच भरला आणि १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे ‘आय-रॉक’. एकामागून एक वाजणारे बँड, दगडी पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली कॉलेजची मुले, आणि ज्याचे नावही ऐकले नव्हते त्या बँडचे नाव तोंडात घेऊन मरीन लाइन्स स्टेशनाकडे चालत निघणे, ही एका पिढीची दीक्षा होती. १९८४ मध्ये स्थापन झालेला रॉक मशीन, जो १९९३ पासून इंडस क्रीड झाला, याच पिढीचा बँड. नव्वदच्या दशकात पेंटाग्राम आणि झिरो आले. २००० मध्ये डेमॉनिक रिझरेक्शन व त्यानंतर काही वर्षांत भयानक मौत यांनी मेटलला आपला हक्काचा श्रोता मिळवून दिला.

गाणी हाती येण्याचे मार्ग मोजके होते. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या संगीताच्या दुकानात उभे राहून ऐकायचे, कुणाकडे नवी कॅसेट आली तर कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची, तिच्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात गाण्यांची नावे लिहायची आणि ती चार जणांत फिरवायची. चौथ्या प्रतीपर्यंत झांजा घोगऱ्या होत, तरी कुणाची तक्रार नसे. लिखित बातमीचा तर विलक्षण प्रकार होता. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे रॉक संगीताचे नियतकालिक सुरू केले ते अलाहाबादहून. म्हणजे वांद्र्याच्या बँडची खबर दादरच्या वाचकाला गंगा-यमुनेच्या संगमावरून छापून येत असे.

मराठी वाचकाला या सगळ्याची जात ओळखायची असेल तर छबिलदासची आठवण पुरेशी आहे. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने दादरच्या त्या शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके केली, तेव्हा प्रेक्षकही असाच तोंडी निरोपावर जमत होता आणि व्यावसायिक रंगभूमी जे दाखवत नव्हती ते पाहायला येत होता. खोली लहान होती आणि नवे करून पाहण्याला तीच सोयीची होती.

खोलीचा प्रश्न

मुंबईच्या इंडी संगीताचा इतिहास बँडच्या नावांपेक्षा जागांच्या नावांनी अधिक नीट सांगता येतो, आणि तो बंद पडलेल्या दारांचा इतिहास आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येऊ लागला, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई झाली. रंगभवन सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचे; जवळच रुग्णालयही. तिथले संगीत थांबले. आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानासारख्या ठिकाणी गेला, पुढे खंडित झाला, २०२२ मध्ये पुन्हा भरला. नियम योग्यच होता. रुग्णालयाशेजारी झोपलेल्या माणसाचा हक्क गिटारपेक्षा मोठा आहे. पण त्या बदल्यात शहराने दुसरे खुले, स्वस्त, स्टेशनजवळचे नाट्यगृह या मुलांना दिले नाही, ही खंत नोंदवलीच पाहिजे.

नंतरच्या जागा बहुतेक बंदिस्त आणि बहुतेक बारच. जुहूचे रॅझबेरी राइनोसेरस हे त्यांतले आधीचे नाव. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग सुरू झाले. वर्तुळाकार बैठका, उत्तम ध्वनियंत्रणा आणि स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांना मान, यामुळे भारतभरच्या बँडना तिथे वाजवणे ही पावती वाटू लागली. १९८२ च्या संपानंतर ज्या गिरणगावाचे भोंगे एकेक करून थांबले, तिथेच हे घडले. ज्या वस्तीत अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी कामगारांपुढे डफ वाजवला, तिथे दोन पिढ्यांनी पुन्हा नवे गाणे जन्मत होते, फक्त दाराशी तिकीट होते. २०१६ मध्ये ब्लू फ्रॉग बंद झाले. त्याच वर्षी ऱ्हिदम हाउसही. एका वर्षात शहराने नवे गाणे ऐकण्याची आणि विकत घेण्याची अशी दोन्ही ठिकाणे गमावली.

त्यानंतर अँटीसोशल, वांद्र्याचे बोनोबो, खारचे हॅबिटॅट, महालक्ष्मीचे जी५ए यांनी भार उचलला. माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबमध्ये तबकड्या चाळता येतात. काळा घोडा कला महोत्सव (१९९९ पासून) दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास फुकट ऐकवतो, आणि आयआयटीच्या मूड इंडिगो या महोत्सवातील लाइव्हवायर ही बँडस्पर्धा कित्येक बँडचा पहिला मोठा मंच ठरली आहे. २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर भरणाऱ्या लोलापालूझा या संगीत महोत्सवात परदेशी मोठ्या नावांच्या आधी दुपारच्या उन्हात भारतीय बँड वाजवतात. तिकीट परवडणाऱ्याने दुपारीच आत शिरावे.

बारमध्ये संगीत असण्याचे दोन परिणाम होतात. पहिला वयाचा. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे. त्यामुळे बऱ्याच गिगच्या दाराशी २१ वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत. म्हणजे ज्या वयात नवे गाणे माणसाला मुळापासून हलवते, त्या सोळा-सतरा वर्षांच्या श्रोत्यालाच दार बंद. मद्य न विकणाऱ्या जागा आणि कॉलेजचे महोत्सव यांचे मोल त्यासाठी आहे. दुसरा परिणाम पैशाचा. जागेचा मालक तिकिटावर नव्हे, टेबलावरच्या बिलावर जगतो, म्हणून ओळखीची गाणी वाजवणारा बँड त्याला सुरक्षित वाटतो. स्वतःची गाणी घेऊन आलेल्या बँडला बहुधा मंगळवार-बुधवार मिळतो.

तिसरी अडचण खास मुंबईची : शेवटची लोकल. आठचा म्हणून जाहीर झालेला कार्यक्रम साडेनऊला सुरू होतो, मुख्य बँड अकरानंतर स्टेजवर येतो, आणि डोंबिवली, विरार, पनवेलचा श्रोता तिसऱ्या गाण्यालाच बॅग खांद्याला लावतो. यात नव्याच्या शोधात असणाऱ्याचे मात्र काही बिघडत नाही. नवा बँड नेहमी पहिला वाजवतो. हॉल अर्धा रिकामा असतो, ध्वनियंत्रणेची जुळणी अजून झालेली नसते, आणि पाच वर्षांनी ज्याच्यासाठी रांग लागणार तो समोर पंधरा माणसांपुढे वाजवत असतो. वेळेवर पोहोचणे यापेक्षा चांगली युक्ती कुणाला सापडलेली नाही.

घरगुती गिग ही यावरची वेगळी वाट. २००९ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या सोफार साउंड्सचे कार्यक्रम मुंबईतही होतात. कुणाच्या तरी घरात किंवा ऑफिसात थोडे लोक जमिनीवर बसतात. पत्ता आदल्या दिवशी कळतो, कोण गाणार हे आधी कळतच नाही. गिरगाव-दादरच्या दिवाणखान्यांतल्या गवयांच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात नवे काही वाटणार नाही. फक्त तंबोऱ्याच्या जागी गिटार आहे.

भाषा

बराच काळ हा सीन इंग्रजीत गात होता आणि वांद्र्यापासून दक्षिण मुंबईपर्यंतच्या पट्ट्यात वावरत होता. हिपहॉपने ही चौकट मोडली. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने आयपॅडवर ध्वनिमुद्रित केलेले ‘आफत’ यूट्यूबवरून पसरले, तेव्हा स्टुडिओ, कंपनी आणि बार या तिन्हींवाचून श्रोता मिळतो हे सिद्ध झाले. नेझी आणि डिव्हाइन या दोन रॅपरांच्या आयुष्यांवरून स्फुरलेला चित्रपट २०१९ मध्ये आला, पण वस्तीतल्या मुलांनी त्यांना पाच वर्षे आधीच ओळखले होते. चौकात गोल करून आळीपाळीने रॅप करण्याला ‘सायफर’ म्हणतात. ज्याने कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब किंवा कोकणी मंडळांचा शक्ती-तुऱ्याचा सामना पाहिला आहे, त्याला हा गोल परका वाटत नाही.

मराठीही याच दाराने आत आली. स्वदेसी या समूहाने २०१९ मध्ये आरेच्या पाड्यांवरील आदिवासींचा प्रश्न प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’मधून मांडला. अभंग रिपोस्टने संतांचे अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीने तरुण श्रोत्यांपुढे ठेवले. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हाउस संगीताच्या ठेक्यावर मराठी शब्द घेऊन परदेशी नाचगृहांपर्यंत गेले. मराठी भाषक श्रोत्याने यापुढे ‘आपल्यात असं काही नाही’ म्हणण्याचे कारण उरलेले नाही.

पाठवण्याची रीत

मोबाइलवर गाणी ऐकवणारे स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आले. त्याआधी सावन आणि गाना होतेच. स्पॉटिफायवर कलाकार स्वतः थेट गाणे चढवू शकत नाही, मधला वितरक लागतो. प्लेलिस्टच्या संपादकांकडे ते निदान सात दिवस आधी पाठवावे लागते आणि ते बहुधा शुक्रवारी प्रसिद्ध होते. श्रोत्याने जाणून घ्यावे असे दोन नियम आहेत. ३० सेकंदांच्या आत गाणे बंद केले तर ते ऐकलेले धरत नाहीत. आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. पहिल्या गाण्यावर उभ्या असलेल्या बँडसाठी दहा मित्रांनी ते पुरते ऐकणे म्हणूनच किरकोळ नाही. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर हिशेब सरळ आहे : गाणे विकत घेतले की कंपनी साधारण १५ टक्के ठेवते, बाकीचे, व्यवहारखर्च वजा जाता, कलाकाराचे. गिगच्या दाराशी विकत घेतलेला टी-शर्ट बँडच्या जॅम रूमच्या, म्हणजे सरावाच्या खोलीच्या, भाड्याला थेट हातभार लावतो.

गाणे पाठवताना एकच पाठवावे. दहा गाण्यांची यादी कुणी उघडत नाही. कुणाला पाठवतो आहोत ते ओळखून, कुठल्या जागी कान द्यायचा ते एका ओळीत लिहून पाठवलेले गाणे ऐकले जाते. सकाळच्या लोकलमधल्या भजनी मंडळात नवी चाल अशीच फिरते : एकाने दुसऱ्या डब्यात ऐकलेली असते, तो ती उद्या इथे म्हणून दाखवतो, आणि आठवड्याभरात टाळ त्या चालीवर पडू लागतात.

जतन

पाठवलेले सगळे टिकत नाही. सत्तरच्या दशकातल्या अॅटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडचे संगीत २०११ मध्ये एका अमेरिकी कंपनीने पुन्हा काढले, तेव्हा इथल्या तरुणांना त्याचा पत्ता लागला. २००० च्या दशकातल्या बँडची गाणी मायस्पेस या समाजमाध्यमावर होती. २०१६ पूर्वी तिथे चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे कंपनीने २०१९ मध्ये मान्य केले. त्या काळात गिगच्या दाराशी हाताने नाव लिहिलेल्या डेमो सीडी वाटल्या जात. त्यांतल्या कित्येक आजही ठाण्या-बोरिवलीच्या कपाटांत, इंजिनिअरिंगच्या पुस्तकांच्या मागे पडून असतील, आणि काही गाण्यांची तेवढीच प्रत उरलेली असेल.